शेवटची गूळपोळी

एकदा एक मसाल्यांचा व्यापारी घर विकत घ्यायला निघाला आणि साऱ्या कुटुंबाला घेऊन तीन दिवस नौकाविहाराला गेला. ऐकायला विचित्र वाटेल, पण त्याचा विचार सरळ होता. घर नदीकाठचे होते. जिच्या शेजारी उरलेले आयुष्य काढायचे, त्या नदीची आधी ओळख करून घ्यावी, त्यानिमित्ताने सर्वांचे फिरणेही व्हावे, आणि घर पसंत पडले तर तिसऱ्या दिवशी दुपारी मालकाला विसार द्यावा. त्यासाठी गावातले दुकान मात्र विकावे लागणार होते. त्या दुकानात त्याची पंचवीस वर्षे गेली होती.

व्यापाऱ्याचे नाव विश्रामशेठ. सोबत पत्नी इंदुमती, कॉलेजात शिकणारी मुलगी चारू आणि सत्तरी ओलांडलेली आई. शिवाय विश्रामला शाळेत शिकवलेले वृद्ध गुरुजी. त्यांना विचारल्यावाचून त्याने कोणतेच मोठे काम केले नव्हते. गुरुजी अल्पभाषी आणि त्याहून अधिक मिताहारी. दुसऱ्यांदा वाढून घेताना त्यांना कुणी पाहिलेले नव्हते.

या कुटुंबात भांडण म्हणून कधी होत नसे. प्रत्येकजण दुसऱ्याचे मन राखण्यात गर्क. अशी घरे पाहून शेजाऱ्यांना हेवा वाटतो. मला, खरे सांगायचे तर, थोडी काळजी वाटते.

पहिल्या दिवशी दुपारी नावेत डबे उघडले. संक्रांत नुकतीच झाली होती, त्यामुळे गूळपोळ्या होत्या. सर्वांचे खाऊन झाल्यावर एक उरली.

"आई, तुम्ही घ्या," इंदुमती म्हणाली.

"मला कशाला? चारूला दे."

"नको आजी, बाबांना आवडते."

"तुझ्या आईनं धड खाल्लं नाही, तिला वाढ," विश्राम म्हणाला.

पोळी दोनदा सर्वांसमोरून फिरली आणि पुन्हा डब्यात गेली. संध्याकाळपर्यंत ती वाळून कडक झाली, तेव्हा इंदुमतीने ती माशांना घातली. दुसऱ्या दिवशीही हेच घडले. मासे मात्र तृप्त झाले असावेत.

घराबद्दलचे बोलणेही असेच चाले. नाव त्या घरावरून गेली की विश्राम म्हणे, "आईला किती बरं वाटेल इथे!" आई म्हणे, "विश्रामच्या जिवाला जरा विसावा मिळेल." इंदुमती म्हणे, "यांना आणि आईंना आवडलंय ना, मग झालं." चारू मान डोलावी. गुरुजी नदीकडे पाहत बसत.

तिसऱ्या दिवशी पुन्हा एक पोळी उरली. "आई, तुम्ही घ्या," इंदुमतीने आरंभ केला. इतक्यात गुरुजींनी हात पुढे केला, कुणाला न विचारता ती पोळी उचलली, तिच्यावर तूप ओतून घेतले आणि शांतपणे सगळी खाऊन टाकली.

"गुरुजी, तुम्हाला भूक होती का? आम्हाला समजायला हवं होतं," विश्राम ओशाळून म्हणाला.

"भूक नव्हती रे. पण मला ती हवी होती, म्हणून घेतली," गुरुजींनी बोटे पुसली. "दोन दिवस पाहतोय. तुम्ही सगळ्यांनी ती एकमेकांना दिली आणि खाल्ली माशांनी. पोळी उद्या पुन्हा करता येते. दुकान एकदा विकलंस की पुन्हा उभं राहायचं नाही. या घराचं कौतुक मी तीन दिवस ऐकलं, पण मला हवंय असं एकाच्याही तोंडून ऐकलं नाही. दुसऱ्याचं मन राखणं हे प्रेमच आहे. पण आपलं मन जो लपवतो, त्याच्यावर त्याच्या माणसांना अंदाजाने प्रेम करावं लागतं. आणि अंदाज चुकतात, विश्राम."

मग ते नावाड्याला म्हणाले, "जरा इथेच थांबव. आता ज्याने त्याने स्वतःपुरतं बोलायचं."

नावाड्याने वल्हे आत घेतले. विश्रामनेच सुरुवात केली, "सकाळी धणे भाजायला घेतले की रस्त्यावरची माणसं वळून बघतात. ते मला सोडवत नाही. पण आई नदीकाठची. म्हटलं, शेवटची वर्षं तिला नदी दिसावी."

"अरे देवा!" आईने कपाळाला हात लावला. "मी समजत होते, माझं पोर दमलंय. त्या दमट भिंतींत माझे गुडघे एक पावसाळा काढायचे नाहीत!"

"मला होस्टेलवर राहावं लागलं असतं," चारू हळूच म्हणाली. "पण बाबा इतके खूश दिसत होते."

"मी कुठे? तू खूश दिसत होतीस!"

इंदुमती हसू लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "अहो, माझ्या शेजारणी सोडून मी इथे बोलणार कुणाशी होते?"

विश्रामला लाज वाटली, आणि ही माणसे आपली आहेत याचा विलक्षण आनंदही झाला.

"वहिनी," गुरुजी आईकडे वळले, "काय नको ते सांगितलंत. काय हवं ते राहिलं."

म्हातारी लाजली. "हसाल सगळे."

"हसू की."

"मला वल्हं मारायचंय. माहेरी मी एकटी नाव पैलतीराला न्यायचे. लग्न झालं आणि सुटलं ते. कुणी अडवलं नाही. मीच कधी मागितलं नाही."

'आई, दमशील' हे शब्द विश्रामच्या ओठांवर आले होते. त्याने ते गिळले आणि नावाड्याला बाजूला व्हायची खूण केली. आईने पदर खोचला. पहिल्या चार हातांत तिने सर्वांना भिजवले. मग हातांना आठवले आणि नाव सरळ चालू लागली. घाट येईपर्यंत तिने वल्हे कुणाला दिले नाही.

घाटावर घरमालक नारळ आणि पेढे घेऊन उभा होता. विश्राम पायऱ्या चढून त्याच्याकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "घर उत्तम आहे. पण मला ते नको आहे. माफ करा."

मालक गोंधळला. "मग तीन दिवस बघत कुणासाठी होता?"

"एकमेकांसाठी," विश्राम म्हणाला.

तेवढ्यात नावेतून आईची हाक आली, "विश्राम, आटप लवकर! मला अजून वरच्या वळणापर्यंत जायचंय."

पन्नास वर्षांत त्याने आईच्या तोंडून असे काही ऐकले नव्हते. तो धावतच पायऱ्या उतरला.