कोरड्या पायांचा बगळा

एका खाडीच्या तोंडाशी, डोहाकाठच्या खडकावर एक बगळा राहत असे. स्वभावाने तो मोठा संशयी. वारा आडवा सुटला तरी यात कोणाचा तरी हात आहे, असे त्याला वाटे. पौषाच्या थंडीत उथळ पाणी गारठले की खाडीतले बोईट मासे ऊब शोधत डोहाच्या तळाशी जमत आणि अधूनमधून वर येत. बगळा ते खडकावरूनच टिपी. गार पाण्यात पाय घालायची त्याला हौस नव्हती. दोन महिने त्याचे पाय कोरडेच होते.

माघ सरला, उन्हे तापू लागली आणि डोहातले मासे एकाएकी नाहीसे झाले. दोन दिवसांत बगळ्याचे पोट पाठीला लागले. शेजारच्या फांदीवरचा खंड्या मात्र पोट फुगवून परतत होता. तो म्हणाला, "बगळोबा, मासे खाजणात, खाडीकडेच्या त्या दलदलीत गेलेत. दुपारची भरती तिथल्या तापलेल्या चिखलावर चढते ना, गुडघाभर पाण्यात नुसती झुंबड उडते! चला माझ्याबरोबर."

बगळ्याने एक डोळा बारीक केला. "आणि त्यात तुला काय मिळणार रे?"

"मला? सोबत."

सोबत म्हणे! इथे कुठेतरी पाणी मुरतंय, असे बगळ्याला वाटले. माशांची वाट कोणी फुकट दाखवतो होय? मी हललो की हा डोह याचाच! त्याने पहारा आणखी कडक केला. संध्याकाळी खंड्या परतला की तो त्याची चोच निरखून पाही. चोचीला रोज खाजणातला चिखल असे. "पुरावा लपवायला चिखल फासून येतो, लबाड!" बगळा पुटपुटे.

चौथ्या दिवशी भुकेने त्याला भोवळ आली, पाय घसरला आणि तो काठच्या गुडघाभर पाण्यात उभा राहिला. पाणी चक्क कोमट होते! म्हणजे उबेसाठी डोहाच्या तळाशी जमायचे माशांना आता कारणच उरले नव्हते, खंड्या खरेच बोलत होता. बगळा खजील झाला. साऱ्या खाडीवर त्याने नजर ठेवली होती, पण पायाखालच्या पाण्याची चौकशी केली नव्हती. उडायचे त्राण नव्हते, म्हणून तो धडपडत चालतच खाजणात पोचला. तोवर ओहोटी लागून मासे पाण्याबरोबर निघून गेले होते. एका डबक्यापाशी खंड्या तेवढा बसला होता.

"आलात? ओहोटीला रोज एखादा मोठा मासा यात अडकतो," तो म्हणाला. "माझ्या चोचीत मावत नाही, म्हणून तुम्हाला बोलवत होतो. तीन दिवस घारीनेच नेला."

सवयीने बगळ्याचा डोळा पुन्हा बारीक झाला. पण या वेळी त्याने आधी डबक्यात पाय घातला, आणि मग मासा गिळला.

तात्पर्य : संशय जरूर घ्यावा, पण कोरड्या पायांनी घेऊ नये, पाण्यात उतरून खरे-खोटे न करणारा आपल्याच संशयाने उपाशी मरतो.