वाढलेल्या प्रहराचं माप

फार वर्षांपूर्वी आपल्या बोरओहळाला बांध नव्हता. पावसाळ्यात पाणी घराघरांतून धावायचं आणि चैत्रात प्यायला थेंब नसायचा. म्हणून इथल्या सरदाराने बांध घालायला काढला. पाथरवट दगड घडवत, गवंडी रचत, बाया घाण्यावर चुना मळत आणि पखालजी पाणी वाहत. आठवड्याला पाथरवटाला चार पायल्या ज्वारी, गवंड्याला तीन आणि बाकीच्यांना एक. पंचायत मात्र साऱ्यांची मिळून एकच, आणि तिचा मुखिया मासाजी पाथरवट. तो दगडाशी बोलला की दगड आपण होऊन सरकायचा, असं म्हणतात.

पावसाळा तोंडावर आला, तसा सरदाराचा कारभारी म्हणाला, रोज एक प्रहर जास्त राबा. मासाजी त्याच्याशी भांडला आणि प्रत्येकाला मजुरीच्या चौथाईने वाढ मिळवून आला. पाथरवटांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. मग चुन्याच्या घाण्यावरची तान्हू पुढे आली. पायलीचे शेर चार. म्हणजे पाथरवटाला चार शेर वाढले आणि तिला एकच.

"आण्णा," ती म्हणाली, "वाढला त्यो एक प्रहर. तुमचा मोठा आन् माझा बारका आसतो व्हय?"

मासाजीला लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती. तो परत कारभाऱ्याकडे गेला. कारभारी म्हणाला, ठरल्याहून दाणाही जास्त नाही, हवं तर आपसांत वाटून घ्या.

ते ऐकून मासाजीचा सख्खा भाऊ गवाजी उसळला. "आमचं कसब काय वाऱ्यावर पडलंय?"

"कसबाच्या चार पायल्या तुझ्याच हायेत," मासाजी म्हणाला. "प्रहर समद्यांचा सारखा."

पण ऐकतो कोण? चुनेवाल्या बाया आणि पखालजी काम सोडून वडाखाली बसले. गवाजी म्हणाला, चुना मळायला कसली अक्कल लागते? त्याने कळीच्या चुन्यावर घागरीच्या घागरी एकदम ओतल्या. चुना खदखदून उसळला आणि सगळे पाथरवट पाय भाजून ओढ्याकडे पळाले. शेवटी तान्हूनेच त्यांच्या पायांना तेल लावलं. अक्कल अशी पायातून डोक्यात चढली.

दुसऱ्या दिवशी मासाजीने आपलं घोंगडं अंथरलं आणि वाढीचे चार शेर त्यावर ओतले. मागोमाग गवाजीने ओतले, मग साऱ्यांनी. मापायला तान्हूला बसवलं. हिशेबाने वाट्याला दोन-दोन शेर यायचे, पण तिच्या हातून तीन-तीन भरत गेले, असं म्हणतात. कारभाऱ्याने तीनदा मोजून पाहिलं. तिसऱ्यांदा त्याने पागोटं काढून मासाजीला रामराम केला.

उरलेला बांध नऊ दिवसांत उभा राहिला. श्रावणात पूर आला, बांधाला धडकला आणि गरीब गाईसारखा जागच्या जागी बसला. गाव हलग्या वाजवत बांधावर चढलं.

आजही गावात कुणाचीही मजुरी वाढली, की आधी घोंगडं अंथरून त्यावर वाढीच्या नावाची ज्वारी ओततात आणि सगळ्यांत कमी पगाराच्या माणसाच्या हातात माप देतात. परवा सूतगिरणीत वाढ ठरली, तेव्हा माप झाडूवाल्या कौसाबाईंकडे होतं. मोठा फोरमन ओंजळ पुढे करून रांगेत उभा होता, आणि त्याच्या ओंजळीत पडली तेवढीच ज्वारी कौसाबाईंनी आपल्या पदरात घेतली.