खऱ्या बोलाच्या शुक्रवाराची कहाणी

ऐका सटवाई माये, तुमची कहाणी. आटपाट गाव होतं, गावाखालून नदी वाहत होती. तिथं येसाई नावाची सुईण राहत होती. हात असा गुणाचा, की आडवं मूल सरळ करी, थकल्या बाळंतिणीला धीर देई. पंचक्रोशीत नाव झालं. नाव झालं, तसा ताठा आला.

एके दिवशी सकाळी राणू बुरूड धावत आला. "येसामावशी, माझ्या कारभारणीला, चिमाला कळा सुटल्यात. पहिलटकरीण आहे, घाबरलीय. लगोलग चल." येसाईनं पदर खोचला, तेलाची बुधली घेतली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते, तो दारी प्रधानाचा मेणा आला. भोई म्हणाले, "प्रधानाच्या सुनेच्या पोटात दुखतंय. बोलावलंय." येसाईच्या मनात आलं, मेण्यात कधी बसलें नाही. आज बसेन, गाव बघेल. राणूला म्हणाली, "तू हो पुढं. पहिलटकरणीला वेळ लागतो. मी आलेंच."

मग येसाई मेण्यात बसली, प्रधानाच्या घरी गेली. पाहते तो सुनेचे दिवस भरायला महिन्याचा अवकाश. दुखणं खाण्यापिण्याचं, ओवा चावला नि थांबलं. तेव्हाच उठायचं, ती उठली नाही. पाट मांडला, पाटावर बसली. पुरणपोळी वाढली, पोळी जेवली. बायकांनी वाखाणलं, ऐकत राहिली. उन्हं कलली, तेव्हा चिमाची आठवण झाली.

मग धावत गेली. उशीर झाला होता. नाळेचा वेढा मानेला बसलेला. मूल आलं, पण रडलं नाही. येसाईनं पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली, तळपायावर टिचक्या मारल्या. मूल निजल्यासारखंच राहिलं. मग फडक्यात गुंडाळून राणूच्या हाती दिलं. राणूनं नदीकाठी मातीआड केलं. चिमा शुद्धीवर आली, म्हणाली, "माझं बाळ कुठाय?" येसाई म्हणाली, "सटवाईनं कपाळी लिहिलं नव्हतं, पोरी. तिच्यापुढं कुणाचं चालतं?"

असं बोलली नि घरी आली. त्या दिवसापासून हात कापू लागले. तांब्या उचलावा, पाणी हिंदकळे. भाकरी थापावी, भाकरी फाटे. बाळंतिणीच्या पोटाला हात लावावा, हात पानासारखा थरथरे. लोकांनी बोलावणं सोडलं. येसाई एकटी पडली. देवीला हाक मारावी म्हटलं, तर जीभ उचलेना. जिच्यावर आळ घातला, तिला कोणत्या तोंडानं हाक मारू?

सहा महिने असेच गेले. घरात बसवेना, तेव्हा वेशीबाहेर सटवाईच्या ठाण्याशी गेली. तिथं एक म्हातारी झाडलोट करत होती. "बाई बाई, रडतेस का?" "काय सांगू आजी? हात गेले, मान गेला, देवी रुसली. काही उपाय सांग." "उपाय नाही, वसा आहे. पण तू उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील." "उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही." "तर ऐक. शुक्रवारी न्हावं. पणती लावावी, हळदकुंकू वाहावं. देवीपुढं बसून आपली चूक मोठ्यानं सांगावी. दुसऱ्याचं नाव घेऊ नये, सबब जोडू नये. खरा बोल निघाला, की ज्याचं वाईट केलं त्याच्या दारी जावं नि तोच बोल तिथं सांगावा."

पहिला शुक्रवार आला. येसाई म्हणाली, "माये, प्रधानानं मेणा धाडला, म्हणून उशीर झाला." हात कापतच राहिले.

दुसरा शुक्रवार आला. "माये, नाळेचा वेढा होता, ते का माझ्या हाती होतं?" हात जास्तच कापले, पणतीतलं तेल सांडलं.

तिसरा शुक्रवार आला. येसाई बसली. तोंड उघडलं, शब्द येईना. ऊन माथ्यावर आलं, तरी येईना. मग आतून हुंदका फुटला. "माये, मी चुकलें. मला मेण्यात मिरवायचं होतं. मला वाखाणणी ऐकायची होती. चिमाची हाक आधी होती, मी गेलें नाही. वर तुझ्यावर आळ घातला. मी काही मागायला आलें नाही. अशी आहे, तशी पदरात घे."

सटवाई बोलली नाही. कौल दिला नाही. येसाई उठली, चिमाच्या दारी गेली.

चिमा ओसरीवर सूप विणत होती. वर न बघता म्हणाली, "का आलीस?"

"खरं सांगायला." मग येसाईनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मेणा सांगितला, पोळी सांगितली, वाखाणणीसुद्धा सांगितली.

चिमाच्या हातातली कामटी मोडली. "मला वाटलं, माझंच पाप. देवीला खण वाहायचा राहिला होता, म्हणून तिनं नेलं. रोज स्वतःला कोसत होतें, मावशी. रोज."

येसाईनं मान खाली घातली. चिमानं मोडकी कामटी बाजूला ठेवली. मग चिमानं हळूच विचारलं, "धन्यानं फडकं उघडलं नाही. माझं बाळ तू एकटीनं बघितलंस. कसं होतं?"

येसाई ओसरीवर तिच्याजवळ बसली. "मुलगी होती. रंग गव्हाळ. जावळ दाट, कानावर आलेलं. बोटं लांब, तुझ्यासारखी. कपाळावर बारीक आठी, रुसून निजल्यावाणी."

चिमा रडली. येसाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. उठताना म्हणाली, "पुढल्या शुक्रवारी ये. आणखी सांग."

गेलेलं लेकरू परत आलं नाही. पण येसाई दर शुक्रवारी जात राहिली. पुढं कोष्ट्याची सून अडली, तेव्हा चिमाच बोलवायला आली. "चल मावशी, मी तिला मागून धरते." येसाईचे हात उंबऱ्यापर्यंत कापत होते. ती मनात म्हणाली, "माये, मी चुकणारी आहे. तू जवळ राहा." मग पोटावर हात ठेवला. हात स्थिर झाला. घटकाभरानं मूल रडलं, नि दाराशी उभे होते त्यांनी ऐकलं.

येसाईला सटवाई जशी पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. चुकल्या वेळी खरं बोलायला जीभ देवो, ऐकून घेणारं दार देवो. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरांत सांगितली, माउलीच्या पायी वाहिली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.