चौकटीबाहेरची सुभद्रा

नदीकाठच्या एका गावात पितळी भांड्यांचा एक व्यापारी राहत होता. त्याचं नाव नीळकंठशेठ. दुकान झकास चालायचं, पण शेठचा जीव रमायचा प्रवासात आणि कॅमेऱ्यात. दरवर्षी दिवाळी सरली की तो दुकान धाकट्या भावाच्या हवाली करी आणि बायकोला, सुभद्रेला, घेऊन निघे. कधी हंपी, कधी रामेश्वर, कधी थेट बर्फाचे डोंगर.

परत आल्यावर फोटो धुऊन येत. मग शेठ जेवणखाण विसरून बसे. पट्टी धरून, कात्री चालवून प्रत्येक फोटोच्या कडा सरळ करी आणि सगळे एका मापाच्या चौकटींत बसवी. बैठकीच्या खोलीच्या भिंती अशा चौकटींनी भरून गेल्या होत्या. रंग उडू नयेत म्हणून खिडकीला जाड पडदा होता. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून शेठ एकेक चौकट उतरवून कोरड्या फडक्याने पुसायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, "शेठ, तुमच्या घरी आलं की घरबसल्या यात्रा घडते." शेठ सुखावून जाई.

फोटो काढताना त्याचं एक वाक्य ठरलेलं असे. "अगं, जरा बाजूला हो. कळस झाकला जातोय."

सुभद्रा हातातली पिशवी आणि पाण्याची बाटली सावरत बाजूला होई. एकदा रामेश्वरला ती हसत म्हणाली, "अहो, एखादा माझाही काढा की."

"रीळ संपत आलंय गं. पुढच्या खेपेला नक्की."

पुढच्या खेपेलाही रीळ संपतच आलेलं होतं. मग तिने विचारणं सोडलं. तरीही कधी चुकून तिचा खांदा किंवा पदर फोटोत यायचाच. तेवढा भाग कात्री काढून टाकायची.

एका हिवाळ्यात सुभद्रा तापाने अंथरुणाला खिळली आणि बघता बघता गेली.

घर सुनं झालं. शेठ बैठकीच्या खोलीत एकटाच बसू लागला. समोर देवळं होती, घाट होते, डोंगर होते. पूर्वी तो त्यांच्याकडे पाहून खूश व्हायचा. आता प्रत्येक चौकटीपाशी त्याला एकच गोष्ट आठवे: ही तेव्हा कुठे उभी होती? या घाटावर डावीकडे, पायरीवर टेकली होती. या डोंगरापाशी माझ्या मागे होती, शाल घट्ट लपेटून. त्याला सगळं आठवायचं, पण दिसायचं काहीच नाही. हंपीच्या एका फोटोत खाली कोपऱ्यात एक सावली होती. ती तिची असावी असं वाटून शेठ काचेवर बोट ठेवून कितीतरी वेळ उभा राही. मग लक्षात येई की सावलीच्या हातात कॅमेरा आहे. ती त्याचीच सावली होती.

त्याची लेक मृणाल लांबच्या शहरात राहायची. एक दिवस तिचा फोन आला.

"बाबा, सुट्टीत केतकीला घेऊन येतेय. तिला आजी नीटशी आठवतही नाही. आईचा प्रवासातला एक छानसा फोटो काढून ठेवा हं."

"तुझ्या लग्नातला आहे ना तुझ्याकडे?" शेठ चाचरत म्हणाला.

"त्यात ती किती दमलेली दिसते! तुम्ही दोघं प्रवासाहून यायचात तेव्हा तिचा चेहरा कसा उजळलेला असायचा. तशी आई हवी मला. भिंतीवर नुसती देवळंच आहेत, पण कपाटात ढीगभर असतील."

शेठने "बघतो" म्हणून फोन ठेवला. लेकीला काय सांगायचं? त्याला एक सबब सुचली. ओल लागून ते फोटो खराब झाले म्हणायचं. पावसाळ्याचं गाव, कुणालाही पटलं असतं. लेकीपुढे नाव राहिलं असतं, भिंतीवरच्या चौकटीही तशाच राहिल्या असत्या. त्याने ते वाक्य मनात घोळवूनही पाहिलं. पण सुभद्रा होती तिथून तिला त्याने एकदा काढून टाकलं होतंच. आता हे खोटं बोलणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा काढून टाकणं होतं. शेठला ते जमेना.

बेचैन होऊन तो कपाट उपसू लागला, आणि त्याच्या हाती निगेटिव्हचा डबा आला. शेठ थबकला. कात्री लागली होती ती फोटोंना. निगेटिव्हला त्याने कधी हातही लावला नव्हता!

तो तसाच फोटो स्टुडिओत गेला. "हे सगळे पुन्हा छापा," तो म्हणाला. "कडेपर्यंत जे जे आहे ते सगळं येऊ द्या. काही कापू नका."

फोटो आले. कडेकडेला सुभद्रा होती. कुठे नुसतं कोपर, कुठे वाऱ्याने उडालेला पदर, कुठे पिशवी धरलेला हात. पूर्ण चेहरा एकाही फोटोत नव्हता. रामेश्वरच्या फोटोत तेवढा अर्धा होता. कपाळावरचं कुंकू, एक डोळा आणि हसू फुटू पाहणारी ओठांची एक बाजू. शेठ स्टुडिओच्या बाकावर बसून लहान मुलासारखा रडला.

घरी येऊन त्याने भिंतीवरच्या सगळ्या चौकटी उतरवल्या आणि त्यांत हे नवे, वाकडेतिकडे फोटो बसवले. शेजारचे वसगडेकर मास्तर येऊन म्हणाले, "शेठ, हे काय? कळस मधोमध होता तो किती शोभायचा! आता कडेला भलतंच काहीतरी आलंय."

"ते भलतं नाही, मास्तर," शेठ म्हणाला. "ती आमची सुभद्रा."

सुट्टीत मृणाल आली. भिंतीपाशी उभी राहून ती एकेक फोटो पाहत गेली. शेवटी ती बापाकडे वळली.

"बाबा, इतकीच उरली आई?"

शेठने मान खाली घातली नाही. "उरली म्हणू नकोस. मी इतकीच येऊ दिली. देवळं चांगली यावीत म्हणून तिला दूर सारत गेलो. चुकून आली तिथे कात्री लावली."

मृणालने फोटोंकडे पाठ फिरवली. तिला राग आला होता, आणि तो येणं बरोबरच होतं. पण थोड्या वेळाने ती बापाशेजारी येऊन बसली.

छोटी केतकी मात्र रामेश्वरच्या फोटोपुढून हलेना. तिने नाक काचेला लावलं होतं.

"आजोबा, एवढं मोठं देऊळ आहे, पण आजी तिकडे बघतच नाहीये. कुणाकडे बघतेय ती?"

शेठने फोटोकडे पाहिलं. त्या एका डोळ्याची नजर सरळ कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसावर होती. "माझ्याकडे," तो म्हणाला आणि त्याने नातीला जवळ घेतलं.

तात्पर्य: देवळं आणि डोंगर उद्याही जागेवर सापडतात, सोबत चालणारं माणूस सापडेलच असं नाही. म्हणून ते जवळ आहे तोवर डोळे भरून आधी त्याच्याकडे पाहावं.