हौसा कासारीण आणि भानपूरचा तट

"तटाबाहेर एक घर दिसता कामा नये, आणि तटाचा एक दगड फुटता कामा नये!" भानपूरच्या धीरसेन महाराजांनी फर्मान काढलं. "पाडव्याला बाहेरच्या सगळ्या झोपड्या जमीनदोस्त!"

आता आली का पंचाईत! महाराजांच्या आजोबांनी तट बांधला तेव्हा गावात घरं होती दोनशे. आता झाली होती दोन हजार. एकेका खोलीत तीन-तीन चुली. रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारून! मग लोक तटाबाहेर झोपड्या टाकून राहिले. महाराजांचा नवा महाल बांधणारे गवंडीसुद्धा तिथंच, म्हणजे बघा!

बरं, तट फोडून गाव मोठं करावं, तर वेशीवर आजोबांनी कोरून ठेवलेलं, 'जो हा तट फोडील, तो पुढल्या जन्मी गाढव होईल.' महाराज वाघाला भीत नसत, पण या गाढवाला फार भीत.

"पुढली शंभर वर्षं सगळ्यांना पुरेल एवढी जागा करा!" त्यांनी दरबाराला बजावलं. प्रधान म्हणाले, "घरावर घर चढवू." राजजोशी म्हणाले, "मी शंभर वर्षं लग्नाचा मुहूर्तच काढत नाही. लग्नंच नाहीत, तर नवी घरं हवीत कुणाला?" महाराजांच्या दोन मुली लग्नाच्या होत्या. महाराजांनी कपाळावर हात मारून घेतला.

हे सगळं हौसा कासारणीच्या कानावर आलं ते राणीसाहेबांना बांगड्या भरताना. तिचे हात थांबले. तिची लेक सुंद्रा तटाबाहेरच्याच झोपडीत राहत होती. जावई गवंडी, आणि लेकीचे दिवस भरत आलेले. पाडव्याला झोपडी पाडली तर पोरीनं बाळंत व्हायचं कुठं, उघड्या माळावर? पण रडत बसणाऱ्यातली हौसा नव्हती. ती तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, जागा मी करते."

"तू? बांगड्या विकणारी?" प्रधान खदखदून हसले.

"प्रधानजी, हात न दुखवता घट्ट बांगडी चढवते मी. तुम्हाला तर साधा जोडा चढवायला दोन नोकर लागतात!"

महाराज ओठातल्या ओठात हसले. "काय हवं तुला?"

"शिक्क्याचा कागद. त्यावर तीनच शब्द लिहा. 'हौसाबाई, तट वाढव.'"

"एवढंच? वाढव की! हवा तेवढा वाढव!" महाराजांनी शिक्का उमटवला. "पण फोडलास, तर या जन्मीच तुला गाढवावर बसवीन. ध्यानात ठेव!"

दुसऱ्या दिवशी सकाळी धडाड्‌धूम आवाजानं महाराज पांघरुणातून ताडकन उठले. पागोटं हातात, एक जोडा पायात, तसेच धावले. बघतात तो पूर्वेचा तट सपाट! झोपड्यांतले गवंडी घणाचे घाव घालतायत, पहारेकरी शिक्क्याचा कागद धरून बाजूला उभे, आणि हौसा कमरेला पदर खोचून मधोमध.

"दगाबाज! तट फोडलास!"

"शिव शिव! असं अभद्र बोलू नये, महाराज." हौसानं कानांना हात लावला. "राणीसाहेबांच्या हातातली बांगडी दगडावर आपटली, तुकडे झाले. काय म्हणता आपण? फुटली?"

"छे! सवाष्णीची बांगडी फुटली कोण म्हणेल? वाढवली म्हणतो."

"आणि मंगळसूत्र तुटलं तर?"

"तेही वाढवलं म्हण..." महाराजांची जीभ अडखळली.

"मग मीही तट वाढवलाच की! आपल्याच हुकमानं. आजोबांचा शाप फोडणाऱ्याला आहे. वाढवणाऱ्याला काही म्हटलंय का त्यांनी?"

मागोमाग धावत आलेल्या प्रधानांनी वेशीवरची अक्षरं पुन्हा वाचली. नव्हतं म्हटलेलं.

महाराजांना हसू यायला लागलं होतं, पण हट्ट सुटेना. "बरं, आणि ही माळावर पांढरी रांगोळी कसली?"

"चुन्याची फक्की आहे. या रेघा रस्त्यांच्या, हे गोल विहिरींचे, तो चौकोन तळ्याचा."

"आणि घरं?"

"घरं लोक बांधतील, लागतील तशी. पण रस्ता आधी सोडायला हवा, महाराज. घरं झाल्यावर रस्ता काढायला जावं, तर कुणाचं तरी अंगण जातं आणि जन्माचं वैर येतं."

"आणि नवा तट?"

"हेच दगड पार त्या ओढ्यापाशी रचू."

"शंभर वर्षं पुरेल?"

"वाढत्या पोरीला मी एकदाच बांगडी भरून कधी आले नाही. हात भरला की पुन्हा बोलावणं येतं. गाव ओढ्याशी पोचलं, की तेव्हाचे महाराज वाढवतील!"

आता मात्र महाराज पोट धरून हसले. हसता हसता पागोटं चुन्यात पडलं. "हरलो, बाई! माग काय हवं ते!"

"नव्या पेठेतली पहिली जागा माझ्या सुंद्राला, विहिरीजवळची. आणि आजपासून एकाही झोपडीला हात लागायचा नाही, सगळ्यांची पक्की घरं होईपर्यंत."

"दिलं! आणि पेठेचं नाव हौसापेठ!"

हौसानं टोपलीतून नारळ काढून महाराजांच्या हातात ठेवला. "मग कामाची सुरुवात आपल्याच हातानं होऊ दे. फोडा!"

महाराज नारळ घेऊन दोन पावलं मागं सरले. "फोडा? मला गाढव करतेस होय गं? वाढवतो, बाई, वाढवतो!"