रामटेके सरांचा जुना खेळ

"...म्हणजे दोष खेळाचा नाही, आजच्या मुलांचा आहे. असंच ना, आर्याजी?"

सुमना आर्याजी चीवर शिवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"प्रश्न विचारता की सही मागता, उपासक?"

"प्रश्नच विचारतोय."

"मग त्याच्या शेपटाले 'असंच ना' कायले बांधलं?"

रामटेके सर गप्प झाले. त्यांना गप्प व्हायची सवय नव्हती. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात ते बावीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवत होते, आणि बावीस वर्षांत त्यांच्या वर्गात कोणी दुसरं बोललेलं नव्हतं.

पवनीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठाला, भिक्खुणींचं एक लहानसं विहार आहे. एक सभागृह, मागे तीन खोल्या आणि गावातल्या मुलींसाठी एक अभ्यासिका. सर दुपारी तिथे आले होते. काखेत एक जाडजूड वही होती.

"पहिल्यापासून सांगा," आर्याजी म्हणाल्या.

सरांनी सांगितलं.

तीस वर्षांपूर्वी, अकरावीत असताना, त्यांनी नागपुरात एक जुनं जपानी व्हिडिओ गेमचं यंत्र घेतलं होतं. त्याबरोबर एकच कॅसेट मिळाली. एका तरुणाने गाव सोडावं, राज्यभर पायी हिंडावं, वाटेत राक्षस मारून ताकद वाढवावी, भेटेल त्याच्याशी बोलून पुढची वाट काढावी, असा तो लांबलचक खेळ. वाट दाखवणारा बाण नाही. नकाशा नाही. मेलं की मागच्या धर्मशाळेपासून पुन्हा सुरू.

सरांनी तो नऊ वेळा पूर्ण केला होता.

"आणि उत्पलाने?" आर्याजींनी विचारलं.

"अकरा मिनिटं."

उत्पला सरांची मुलगी. गेल्या महिन्यात तिला तेरावं लागलं. वाढदिवसाला सरांनी माळ्यावरून यंत्र काढलं, पुसलं, जोडलं आणि तिच्या मागे उभे राहिले. डावीकडे जा. डावीकडे, डावीकडे! आधी औषध घे. त्या म्हाताऱ्याशी बोलू नको, तो बिनकामाचा आहे. बेडूक मार. अजून दहा मार.

अकराव्या मिनिटाला तिने रिमोट खाली ठेवला.

"काय म्हणाली?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"म्हणाली, 'तुमचा झालाय न खेळून? मग मी कायले?'"

"मग?"

"मग... तेव्हापासून घरात ती तीनच गोष्टी बोलते. हो. नाही. भात नको."

सरांनी दुसऱ्याच दिवशी यंत्र विहाराला देऊन टाकलं होतं. रागाने दिलेल्या वस्तूलाही लोक दानच म्हणतात, त्यामुळे त्यांना पावती आणि टाळ्या दोन्ही मिळाल्या. आणि आता तीन आठवडे, रोज शाळा सुटली की, उत्पला थेट विहारात येत होती. तोच खेळ खेळायला. रोज दीड तास.

"बाण हवेत यांना, आर्याजी! सगळं आयतं हवं. जुना खेळ नवख्यांना झेपत नाही, असं मी मान्य केलं होतं. पटलंही होतं. मग ती इथे का खेळते? झेपतो की नाही झेपत? दोन्ही कसं असेल?"

"दोन्ही नको?"

"नको."

आर्याजींनी चीवर उचललं, सुई त्यात खोचली आणि उठल्या.

"या."

अभ्यासिकेत सरांनी दोन पावलं टाकली आणि दोन मुली एकदम ओरडल्या.

"सर, तुम्ही डोंगरावर उभे आहात!"

सरांनी खाली पाहिलं. फरशीभर खडूने काढलेला नकाशा होता. जंगलं, घरं, एक नदी, जागोजागी फुल्या. सरांचा उजवा पाय डोंगरावर आणि डावा धर्मशाळेत होता. ते घाईने मागे सरले तर अर्धं जंगल पुसलं गेलं.

"बाबा..." उत्पला म्हणाली. वळली नाही. तिच्या हातात रिमोट होता.

तिच्या एका बाजूला क्षेमा, मांडीवर इंग्रजीचा शब्दकोश. दुसऱ्या बाजूला सर्वांत धाकटी पौर्णिमा, दोन्ही हात खडूने पांढरे. समोर एका डगमगत्या स्टुलावर टीव्ही.

"नदी चुकली आहे," सर नकाशा बघून म्हणाले. "ती अशी वळत नाही."

"आम्ही अजून तिकडे गेलोच नाही," पौर्णिमा म्हणाली. "तिथे मी अंदाजे काढली."

"अंदाजे! नकाशा कधी अंदाजे..."

तेवढ्यात पडद्यावर हिरवा बेडूक आला. तिघी एका सुरात ओरडल्या,

"पळ!"

उत्पलाने बटण दाबलं. पडद्यावरचा तरुण पळाला. तिघी टाळ्या देऊन हसल्या.

सर पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"लेव्हल एक? तीन आठवड्यांत लेव्हल एक?"

"आपण मारत नाही न, सर," क्षेमा म्हणाली. तिला वाटलं सरांना एवढं तरी माहीत असेल. "विहारात मारायचं नाही. आर्याजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं. चपला बाहेर, तलवार पण बाहेर."

"एकही बेडूक नाही?"

"एक पण नाही. आम्हाला आता मस्त पळता येते."

सर आर्याजींकडे वळले. त्यांचा आवाज वर्गातला झाला.

"आर्याजी, ते बेडूक खरे नाहीत! ठिपके आहेत नुसते! ठिपक्यांची कसली आली हिंसा?"

"तुमचा अंगठा बघा," आर्याजी म्हणाल्या.

सरांनी पाहिलं. त्यांचा अंगठा हवेत बटण दाबत होता. दाबत होता, सोडत होता, दाबत होता.

त्यांनी हात खिशात घातला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण असा हा खेळ पूर्ण होऊच शकत नाही. नदीवरच्या पुलावर काळा सरदार उभा आहे. त्याच्यापासून पळता येत नाही. त्याला मारायला बावीस लेव्हल लागते. त्याला मारल्याशिवाय नदी ओलांडता येत नाही. हे माझं मत नाही, हा खेळाचा नियम आहे."

"माहीत आहे," उत्पला पडद्याला म्हणाली. "त्याच्या हातून आम्ही सदतीस वेळा मेलो."

"आज अडतिसाव्यांदा मरू," पौर्णिमा आनंदाने म्हणाली. "माझी पाळी आली की मी मरणार."

सदतीस वेळा मरून इतकं खूश असलेलं कोणी सरांनी आजवर पाहिलं नव्हतं.

त्यांनी काखेतली वही काढली. निळं कव्हर, कडेला चिकटपट्टी. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली, जणू तिच्यात दूध होतं.

"यात सगळं आहे," ते जरा हळू म्हणाले. "प्रत्येक गाव, प्रत्येक पेटी. कोणाशी बोलायचं, कोणाशी नाही. मी तीन वर्षं लिहीत होतो. उत्पला... ही तुझ्यासाठी आणली."

उत्पलाची पाठ ताठ झाली.

तिने रिमोट मांडीवर ठेवला. मग फरशीवर. क्षेमाने तिच्याकडे पाहिलं. पौर्णिमाने हातातला खडू खाली ठेवला.

खेळातलं गाणं तेवढं वाजत राहिलं...

"बघू," आर्याजींनी हात पुढे केला.

त्यांनी वही उघडली. एक पान बारकाईने पाहिलं.

"अक्षर फार सुंदर आहे तुमचं."

मग त्या खाली वाकल्या आणि वही स्टुलाच्या आखूड पायाखाली सरकवली.

टीव्ही हलायचा थांबला.

"अरे वा!" पौर्णिमा म्हणाली. "रोज हलायचा. थँक्यू, सर!"

सरांनी वाकून स्टुलाखाली पाहिलं.

"आर्याजी... माझी तीन वर्षं आहेत त्यात."

"म्हणूनच एवढी जाड आहे. बरोब्बर बसली."

क्षेमाने हसू लपवायला शब्दकोश तोंडापुढे धरला. उत्पलाने मात्र पहिल्यांदा मान वळवली आणि बाबांच्या चेहऱ्याकडे ओझरतं पाहिलं. मग तिने रिमोट उचलला.

"बसा, उपासक," आर्याजी म्हणाल्या. "आणि बोलू नका."

"किती वेळ?"

"तुम्हाला हा खेळ येतो, तेवढा वेळ."

सर भिंतीला टेकून बसले. आर्याजींनी चीवर मांडीवर घेतलं आणि सुई पुन्हा चालू झाली.

गप्प बसणं सरांना फार जड गेलं. उत्पला धर्मशाळेच्या मागच्या पेटीवरून चालत पुढे गेली, पेटी तिला दिसलीच नाही. सरांनी ओठ चावला. क्षेमाने एका शब्दाचा अर्थ चुकीचा लावला आणि तिघी उलट्या दिशेला निघाल्या. सरांनी डोळे मिटले. वाटेत त्यांना एक गाढव भेटलं. त्या गाढवाशी तिघींनी पाच वेळा बोलून पाहिलं, कारण गाढव प्रत्येक वेळी वेगळं ओरडत होतं. पौर्णिमा हसून हसून नकाशावर लोळली. नऊ वेळा खेळ पूर्ण करताना सर त्या गाढवाशी एकदाच बोलले होते.

मग नदी आली. पूल आला. पुलावर काळा सरदार उभा.

"मरायचं?" उत्पलाने विचारलं.

"थांब न," क्षेमा म्हणाली. "काठाने चालून बघू. प्रत्येक दगडाशी बोलू."

"तिथे काही..." सर म्हणाले.

आर्याजींची सुई थांबली.

सरांनी तोंड मिटलं. सुई पुन्हा चालू झाली.

उत्पला काठाने निघाली. प्रत्येक दगडापाशी थांबून बटण दाबू लागली. दगड. दगड. झुडूप. दगड. पुढे काय आहे ते सरांना ठाऊक होतं. काठाच्या टोकाला एक कोळी जाळं घेऊन बसलेला असतो. त्याच्याशी बोललं की तो एकच वाक्य म्हणतो. 'तुझ्या तलवारीला रक्ताचा वास येतो, माझे मासे पळतात.' नऊच्या नऊ वेळा हेच. स्टुलाच्या पायाखाली त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं, 'कोळी. काही उपयोग नाही.'

उत्पला कोळ्यापाशी पोचली. बटण दाबलं.

क्षेमा पडद्यावरचं इंग्रजी एकेक शब्द लावत वाचू लागली. "तुझ्या हाताला... थांब... तुझ्या हाताला वास नाही, पोरा. नावेत बस."

सर गुडघ्यांवर उठले.

"काय म्हणाला?"

"नावेत बस म्हणाला."

"कुठली नाव? तिथे नाव नाहीच! तो असं म्हणत नाही! पुन्हा वाच, क्षेमा. मी लिहून ठेवलंय, तिथे..."

सर पुढे झेपावले आणि त्यांनी वही ओढली. टीव्ही कलला. तिघी किंचाळल्या. सरांनी वही सोडली आणि दोन्ही हातांनी टीव्ही कवटाळला. गाल काचेला टेकलेला, चष्मा वाकडा... आणि तशा अवस्थेत त्यांना नाकापुढे, बोटभर अंतरावर, कोळ्याच्या पाठीमागून एक लहानशी नाव पाण्यात उतरताना दिसली.

"बाबा, बाजूला व्हा न! दिसत नाही!"

सर बाजूला झाले.

नाव पुलाकडे गेली नाही. प्रवाहाबरोबर खाली, खाली जात राहिली. सरांच्या वहीत तिथे नुसतं निळं पाणी होतं. पडद्यावर मात्र एक बेट वर आलं. झाडं, चार घरं, एक विहीर, अंगणात एक कुत्रं. गाणं बदललं. ते गाणं सरांनी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

पौर्णिमा फरशीवर धावली आणि डोंगराच्या खाली भराभर बेट काढू लागली.

"हे कुठलं गाव आहे, बाबा?"

उत्पलाने विचारलं होतं. हो, नाही आणि भात नको यांच्यानंतर, तीन आठवड्यांत तिने बाबांना विचारलेला पहिला प्रश्न.

सरांनी तोंड उघडलं. बावीस वर्षांत त्यांना प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

"मला..."

ते पडद्याकडे बघत राहिले.

"मला माहीत नाही गं."

उत्पला पूर्ण वळली.

"खरंच?"

"खरंच. मी... मी कधी आलोच नाही इकडे."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, खोटं बोलणाऱ्या मैत्रिणीकडे बघतात तसं. मग चटईवर थोडी सरकली. एक माणूस बसेल एवढी.

सर तिथे जाऊन बसले. मांडी घालायला त्यांना जरा वेळ लागला.

"विहिरीत काय असेल?" त्यांनी हळूच विचारलं.

"बेडूक," उत्पला म्हणाली.

"पळायचं मग?"

"आधी बघायचं. मग पळायचं."

"त्या कुत्र्याशी बोलू या का पहिले? मघाच्या गाढवासारखं... पाच वेळा?"

"सहा वेळा," क्षेमा म्हणाली.

कुत्रं सहाव्यांदा भुंकलं आणि शेपूट हलवत विहिरीमागे पळालं. सर गुडघे बडवत हसले. एवढ्या मोठ्याने, की सभागृहातून एक तरुण भिक्खुणी डोकावून गेली. आपण कशासाठी आलो होतो, झेपतो की झेपत नाही यातलं काय सिद्ध करायचं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच उरलं नव्हतं. त्यांचा हात आपोआप रिमोटकडे गेला.

"दे न जरा... एकदाच. विहिरीमागे जाऊन येतो. फक्त मागे जाऊन येतो, उत्पला..."

आर्याजी टाका घालत होत्या.

"उपासक," त्या म्हणाल्या, "रांग आहे. तुमच्या आधी तिघी आहेत."