डब्याची पोच

एकदा एक तरुणी आपल्या वृद्ध गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसली आणि भाजणीचा डबा पुढे सरकवत म्हणाली, "गुरुजी, ही शेवटची."

शाळेत असताना गुरुजींनी तिला मराठी शिकवले होते. पुढे ती मोठ्या शहरात शिकली आणि परत येऊन गावातल्याच एका लहानशा गाळ्यात थालीपिठाची भाजणी करून विकू लागली. धान्य ती स्वतः मंद आचेवर भाजत असे. ताज्या दळणातला पहिला डबा गुरुजींकडे यायचा, आणि तो कधीही रिकामा परत जात नसे. कधी परसातली लिंबे, कधी अनंताची फुले, तर घरात काहीच नसेल तेव्हा चिमूटभर साखर. गुरुजींच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा, तो नेमच होता.

"शेवटची म्हणजे? लग्नबिग्न ठरलं की काय?" काकूंनी आतून विचारले.

"कसलं लग्न, काकू! महिनाअखेर गाळा सोडतेय. मालकांना आज संध्याकाळी सांगणार आहे."

मग तिने सगळे सांगितले. तिची बहुतेक गिऱ्हाइके मोबाइलवरच्या तिच्या पानामुळे मिळालेली. पूर्वी साधा परातीतल्या भाजणीचा फोटो टाकला तरी तो गावोगावी दिसायचा. आता रोज काहीतरी टाकले तरी ते मोजक्याच लोकांना दिसते.

"काय काय करून पाहिलं, गुरुजी. नाचलेसुद्धा!"

"नाचलीस?" गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला.

"भाजणीची पिशवी हातात घेऊन. हल्ली सगळे तसंच करतात."

"आणि भाजणीला आवडलं का ते?"

ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "माझी रीच गेली, गुरुजी. पोचच राहिली नाही."

'पोच' हा शब्द ऐकून गुरुजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. त्यांनी मोबाइल मागून घेतला. चित्रांकडे त्यांचे फारसे लक्ष नव्हते. चित्रांखाली लोकांनी काय लिहिले आहे, ते मात्र ते बोटाने सरकवत सावकाश वाचत राहिले. मग उठले, आत जाऊन भाजणी बरणीत ओतली, डबा धुऊन पुसला आणि तिच्या हातात दिला.

पायऱ्या उतरताना तिला डबा हलका लागला. तिने झाकण उघडले. आत काही नव्हते. इतक्या वर्षांत असे कधीच घडले नव्हते. ती तशीच मागे वळली.

"गुरुजी, माझं काही चुकलं का?"

एव्हाना काकू बाहेर आल्या होत्या. "अहो, मुलीचा डबा रिकामा दिलात? शोभतं का हे आपल्याला?"

"नाही शोभत," गुरुजी शांतपणे म्हणाले. "कसं लागतं ते तिला कळावं, म्हणून दिला. ये बाळ, बस."

ती बसली. गुरुजी म्हणाले, "मोबाइलवरच्या ज्या आवारात तू दुकान मांडलंस, ते दुसऱ्याचं आहे. दार कोणासाठी किती उघडायचं, ते आवाराचा मालक ठरवणार. त्यात तुझा दोष नाही आणि त्यावर माझ्याकडे इलाजही नाही. पण तू मघाशी म्हणालीस, पोच राहिली नाही. आपल्या भाषेत पत्र मिळाल्याचं उलट कळवणं, यालाही पोच म्हणतात ना? तुझ्याकडे आलेल्यांना तू पोच दिलीस का? हे केळुसकर बघ. लिहितात, 'पत्नी गेल्यापासून घरात थालीपीठ झालेलं नाही. तुमची भाजणी आणलीय, पण मला थापता येत नाही. कसं थापायचं?' आणि खाली तुझं उत्तर काय?"

तिने वाचले. प्रत्येकाला आपोआप जाणारे तेच वाक्य तिथेही होते: 'धन्यवाद! किंमत जाणून घेण्यासाठी मेसेज करा.'

तिने मान खाली घातली.

"त्या माणसानं आपलं मन तुझ्या डब्यात घालून पाठवलं होतं," गुरुजी म्हणाले. "तू डबा रिकामा परत केलास. जे येत नाहीत त्यांच्यासाठी नाचलीस, आणि जे आले त्यांना 'बस' असंसुद्धा म्हणाली नाहीस."

तिने विचारले, "सगळ्यांना उत्तरं दिली, तर पोच वाढेल?"

"मला माहीत नाही. वाढेल म्हणून देणार असशील, तर तेही नाचणंच झालं."

ती तिथेच पायरीवर बसून केळुसकरांना लिहू लागली. फडके ओले करावे, पीठ सैलसर भिजवावे...

"घट्ट पिळायला सांग फडकं!" काकू म्हणाल्या. "आणि मधोमध भोक पाडून तेल सोडायचं, वर झाकण. पुरुषमाणूस आहे, झाकण विसरेल."

तिने तेही लिहिले. मग ती जुन्या प्रश्नांकडे वळली. कोणाच्या आईच्या भाजणीत धणे जास्त असायचे, कोणाला उपासाची भाजणी हवी होती. एकेकाला उत्तर देता देता ऊन ओसरीवरून अंगणात उतरले. पान किती लोकांना दिसले, तो आकडा होता तिथेच होता. तो पाहायचे तिला आठवलेही नाही.

मोबाइल वाजला. केळुसकरांनी लिहिले होते, 'पहिलं फाटलं. दुसरं जमलं. झाकण विसरलो होतो.'

काकू पदर तोंडाला लावून हसल्या आणि आत गेल्या. डबा घेऊन परतल्या, तेव्हा त्यात लिंबे होती.

तिने डबा छातीशी धरला. गुरुजींना वाकून नमस्कार केला आणि फाटकापाशी जाऊन वळली. "गुरुजी, पुढची भाजणी जरा खमंग भाजू का?"

"भाज," गुरुजी म्हणाले. "आणि धणे थोडे जास्त घाल. कोणाच्या तरी आईची आठवण आहे ती."

आपल्या दारी आलेला कुणाचा डबा रिकामा तर परत गेला नाही ना, एवढे आज आपणही पाहावे.